आभासी डिस्कवर अडलेला संगणक

संगणक सुरू होताना त्याच्या कोऱ्या स्मृतीत आधी एक छोटा प्रोग्राम पोहोचावा लागतो. बाकीचे सारे तोच ओढून आणतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये उभ्या राहिलेल्या टिफ्रॅक या संगणकाला प्रोग्राम भोके पाडलेल्या कागदी फितीवरून मिळत असे. फितीतले भोक निदान डोळ्यांना दिसे. १९७२ मध्ये आयबीएमची व्हीएम/३७० प्रणाली आली. एकाच मेनफ्रेमवर अनेक आभासी संगणक चालू लागले आणि प्रत्येकाच्या वाट्याला खऱ्या डिस्कचा तुकडा, म्हणजे मिनीडिस्क आली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय पीसीवर आणली, तेव्हा डिस्क ही नुसती एक फाइल झाली.

या सोयीची खरी गरज कारखान्यांत दिसते. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. अशा उद्योगांत यंत्रसामग्री दशकानुदशके चालते. तिच्यावर नजर ठेवणारा पीसी मात्र आधीच थकतो. त्यावरचे विंडोज एक्सपीच्या काळातले सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. म्हणून जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून ती आभासी संगणकाला जोडतात.

आणि तो सुरू करताच अनेकदा पडदा निळा होतो: स्टॉप ७बी ही त्रुटी. खरे तर डिस्कवरची माहिती बहुधा शाबूत असते. सुरुवातीला विंडोज बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामच्या, आधाराने डिस्क वाचते, मग तो आधार सोडून स्वतःचा ड्रायव्हर वापरू लागते. जुन्या पीसीत डिस्क जोडणारा आयडीई कंट्रोलर होता, आभासी संगणकात अनेकदा स्कझी असतो. त्याचा ड्रायव्हर नसल्यामुळे आत्तापर्यंत वाचलेली डिस्कच विंडोजला सापडेनाशी होते. उपाय साधा आहे. डिस्क आयडीईवर जोडून यंत्र चालू करावे, नव्या कंट्रोलरवर एक लहान रिकामी डिस्क लावून ड्रायव्हर बसवावा, मगच मूळ डिस्क तिकडे हलवावी. घाईने विंडोज पुन्हा टाकण्यात मोठा धोका आहे, कारण जुन्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा परवान्याची चावी पुष्कळदा उरलेलीच नसते. दुरुस्तीही नेहमी प्रतीच्या प्रतीवरच करावी.

स्नॅपशॉट घेतलेल्या, म्हणजे एका क्षणाची स्थिती जपून ठेवलेल्या, डिस्कची गोष्ट वेगळी: त्यानंतरची नवी फाइल फक्त बदल साठवते, त्यामुळे मूळ फाइल हलवली किंवा बदलली की साखळी तुटते.

बायोसची जागा यूईएफआयने घेतल्यावर आणखी एक अडचण आली. बायोस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूट नोंद शोधतो, यूईएफआय वेगळ्या विभाजनातली फाइल शोधते. २०१३ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमधील दुसऱ्या पिढीच्या आभासी संगणकांत फक्त यूईएफआय आहे, आयडीई नाही. एक्सपीची डिस्क तिथे सुरूच होत नाही. तिच्यासाठी पहिली पिढी निवडावी लागते, आणि ही निवड आभासी संगणक तयार करतानाच करायची असते.