बालगायन स्पर्धा, दूरचित्रवाणीवरील

दूरचित्रवाणी वाहिनीने मुलांसाठी भरविलेली, अनेक आठवडे चालणारी आणि परीक्षकांच्या गुणांबरोबर प्रेक्षकांच्या मतांवरही निकाल अवलंबून असणारी गायनाची चढाओढ. महाराष्ट्रात हा प्रकार २००८–०९ मध्ये झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ या कार्यक्रमाने रूढ केला. मुलांनी लोकांसमोर गाणे ही मात्र महाराष्ट्रात नवी गोष्ट नव्हती. नवा होता तो प्रेक्षक, आणि निकालाचा अधिकार त्याच्या हाती देण्याची रीत.

या स्पर्धांची पूर्वपीठिका पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत एकत्र पाहावयास मिळते. तेथे बालगायनाच्या दोन जुन्या परंपरा शेजारी-शेजारी नांदल्या. पहिली भजनाची. ओतूर येथे, परंपरेनुसार, तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. आळे येथे ज्ञानेश्वरांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी दाखवितात. आंबेगावच्या दक्षिणेस लागून असलेल्या खेड तालुक्यात आळंदी आहे. काकडा, हरिपाठ आणि अखंड हरिनाम सप्ताह यांतून गावोगावची मुले टाळ धरावयास आणि वरच्या पट्टीत मोकळ्या गळ्याने गावयास शिकत. हे शिक्षण विनामूल्य असे आणि त्याला परीक्षा नसे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्याला शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचीही जोड मिळाली.

दुसरी परंपरा तमाशाची. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र. यात्रांच्या हंगामाच्या तोंडावर फडमालक तेथे राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच गावाचा. भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) लहानपणीच बोर्डावर उभी राहिली. पुढे १९५७ व १९९० मध्ये तिचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला आणि महाराष्ट्र शासनाने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. फडात जन्मलेल्या मुलाला गाणे निवडावे लागत नसे. ते त्याच्या वाट्याला आलेले असे. प्रथम सुरत्यांच्या मागे उभे राहून झील धरावयाची, मग गौळणीत एखादे लहान काम करावयाचे, आणि गळा तयार झाला की लावणी म्हणावयाची, असा तो क्रम होता. त्याआधीच्या काळात स्त्रीची सोंगे करणारा नाच्या पोऱ्याही बहुधा कोवळ्या वयाचाच असे. या मुलांना शाळा क्वचितच मिळाली. त्यांच्या कमाईचा स्वतंत्र हिशेब कोणी ठेवला नाही.

शहरांतील बालगायकांचा मार्ग वेगळा होता. गणेशोत्सवातील मेळ्यांत मुले समूहाने गात. नाटकमंडळ्या गोड गळ्याच्या मुलांच्या शोधात असत. पुढे छोटा गंधर्व म्हणून प्रसिद्ध झालेले सौदागर नागनाथ गोरे १९२८ मध्ये दहाव्या वर्षी बालमोहन मंडळीत दाखल झाले. कुमार गंधर्वांनी बाराव्या वर्षाच्या आतच संगीत परिषदा गाजविल्या. नभोवाणी आल्यावर आकाशवाणीच्या पुणे केंद्राने (स्थापना १९५३) आणि त्याआधी मुंबई केंद्राने मुलांच्या कार्यक्रमांत बालगायकांना स्थान दिले. तेथे गाण्याची निवड होई, तथापि गाणाऱ्याला बाद केले जात नसे. शाळांची स्नेहसंमेलने आणि भावगीत-स्पर्धा यांत क्रमांक लागत. ते गावापुरते राहत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे १९७३ मध्ये पुण्यास त्याचे कार्यक्रम दिसू लागले. मराठी दूरदर्शनवर ‘किलबिल’सारखे मुलांचे कार्यक्रम होते, त्यांत गाणे असे, चढाओढ नसे. उत्तरेकडील डोंगराळ पट्ट्यात दूरचित्रवाणी सावकाश पोहोचली. यात एक विसंगती आहे. भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र १९७१ मध्ये नारायणगावजवळील आर्वी येथेच उभे राहिले. पुढे खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीणही बांधण्यात आली आणि ती बांधताना हा भाग निवडण्याचे एक कारण तेथील रेडिओ-गोंगाट कमी असणे हे होते. आकाशातील संदेश टिपणाऱ्या मोठ्या तबकड्या तालुक्यात आधी आल्या, घरांच्या छपरांवरील छोट्या तबकड्या मागाहून. खाजगी वाहिन्या ग्रामीण घरांत शिरल्या त्या प्रथम केबलने आणि २००३ नंतर थेट घरी येणाऱ्या उपग्रहसेवेने.

गायनस्पर्धेचा प्रसारणातील साचा हिंदी वाहिन्यांनी घडविला. झी टीव्हीवर १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झाले; सोनू निगम त्याचे पहिले निवेदक होते. १९९६ मध्ये दूरदर्शनवरील ‘मेरी आवाज सुनो’ या स्पर्धेत किशोरवयीन सुनिधी चौहान विजयी झाली. श्रेया घोषाल हिचे गाणे ‘सा रे ग म’मध्येच चित्रपटसृष्टीच्या कानी पडले आणि २००२ मधील देवदास या चित्रपटाने तिला पार्श्वगायिका म्हणून स्थान मिळवून दिले. या दोन उदाहरणांचा पालकांवर झालेला परिणाम मोठा होता. गाणाऱ्या मुलापुढे परिषद, नाटक किंवा आकाशवाणी यांऐवजी पार्श्वगायन हे ध्येय आले. सुरुवातीच्या या स्पर्धांत निकाल जाणकार परीक्षक देत. भ्रमणध्वनीचा प्रसार झाल्यावर, २००४ च्या सुमारास, लघुसंदेशाने मत देण्याची पद्धत आली आणि स्पर्धेचे अर्थकारण पालटले. हे मत नेहमीच्या संदेशापेक्षा महाग असे, एका व्यक्तीस अनेक मते देता येत, आणि जमलेल्या रकमेत दूरध्वनी कंपनी व वाहिनी यांचा वाटा असे. ही रीत निवडणुकीसारखी दिसली, तरी तीत मताला किंमत मोजावी लागे. म्हणून तिला लोकमत म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

मराठीत ‘अल्फा टीव्ही मराठी’ ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये तिचे नाव झी मराठी झाले. तिने २००६ मध्ये मोठ्यांसाठी ‘सा रे ग म प’ सुरू केले. मुलांचे पर्व जुलै २००८ पासून प्रसारित झाले. स्पर्धक सुमारे आठ ते चौदा वर्षांचे होते. पल्लवी जोशी यांनी निवेदन केले. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक होते. गुण अंकांत न देता सप्तकातील स्वरांच्या नावांनी देण्याची या कार्यक्रमाची पद्धत होती. त्यामुळे ‘वरचा सा’ हे शब्द संगीताशी संबंध नसलेल्या घरांतही सर्वोच्च प्रशंसा म्हणून वापरले जाऊ लागले. कमलेश भडकमकर यांचे संगीतसंयोजन आणि अमर ओक (बासरी), सत्यजित प्रभू (कळफलक), नीलेश परब (तालवाद्ये), अर्चिस लेले (तबला) इ. वादकांची साथ यांचा या पर्वाच्या यशात मोठा वाटा आहे. एरवी साथीदारांची नावे श्रोत्यांना ठाऊक नसत. येथे मुले त्यांना दादा-काका म्हणत आणि ती नावे घरोघर पोहोचली.

महाअंतिम फेरीत पाच जण होते : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन व लातूरचा रोहित राऊत. त्यांना ‘पंचरत्न’ म्हटले जाऊ लागले. ही यादी मराठी संगीताच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. प्रथमेशकडे कोकणातील नाट्यसंगीत व अभंगाचा संस्कार होता. आर्याला आईकडून शास्त्रीय तालीम मिळाली होती. रोहितचा कल चित्रपटगीतांकडे होता. सर्वांत लहान मुग्धा कोवळ्या आवाजात भावगीते सहजपणे म्हणे. कार्तिकीचे गाणे भजनी वळणाचे, खड्या आवाजाचे, लोकसंगीताशी जवळीक असलेले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये तीच विजयी ठरली. एकाच महानगराची निवड असावी असा अंदाज पाचांपैकी चौघांनी मुंबई-पुण्याबाहेरून येऊन खोटा ठरविला. कार्तिकीचा विजय हा केवळ एका मुलीचा नव्हता. सप्ताहात आणि दिंडीत ज्या ढंगाचे गाणे ऐकत जुन्नर, आंबेगाव, खेड येथील माणसे वाढली, तो ढंग प्रथमच दूरचित्रवाणीच्या सुगम संगीताच्या मंचावर नाट्यगीत व चित्रपटगीत यांच्या बरोबरीने मोजला गेला. संदेशांच्या मतदानात जिल्ह्याजिल्ह्यांचा अभिमानही मिसळला होता, हे नाकारता येत नाही.

कार्यक्रमावर आक्षेपही घेतले गेले. पहिला आक्षेप गाण्यांच्या निवडीचा. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी शृंगारिक लावणी किंवा प्रणयगीत म्हणावे काय, हा प्रश्न विचारला गेला. या बाबतीत समाजाची दृष्टी एकसारखी नव्हती. फडातल्या मुलीने यात्रेत म्हटलेल्या लावणीकडे प्रतिष्ठित वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या तुच्छतेने पाहिले. तीच लावणी शाळेत जाणाऱ्या मुलीने दिवाणखान्यातील पडद्यावर म्हटली, तेव्हा तिच्या समजेचे कौतुक झाले. नारायणगावच्या कलावंतांनी घडविलेला गाण्याचा बाज स्पर्धेत उतरला, परंतु त्यांच्या मुलांना लागलेला बट्टा मागेच राहिला.

दुसरा आक्षेप आवाजाचा. मुलांचा स्वरयंत्राचा भाग वाढीला लागलेला असतो. वयात येताना मुलग्यांचा आवाज फुटतो, पट्टी खाली उतरते आणि काही महिने गळा ताब्यात राहत नाही. मुलींच्या आवाजातही बदल होतो, मात्र तो कमी जाणवतो. मोठ्यांसाठी बांधलेली गाणी मूळ पट्टीत, दीर्घ तालमींनंतर आणि रात्रीच्या चित्रीकरणात गाण्याने स्वरतंतूंवर ताण पडतो. जुन्या गुरूंपैकी अनेक जण आवाज फुटण्याच्या काळात शिष्याला गाणे थांबवावयास सांगत किंवा केवळ खर्जाचा अभ्यास देत. वाहिनीच्या वेळापत्रकात अशा थांबण्याला जागा नसते.

तिसरा आक्षेप बाद होण्याच्या प्रसंगाचा. मूल हरल्यावर त्याचा रडवेला चेहरा आणि पालकांचे डोळे जवळून दाखविणे हा या प्रकारच्या कार्यक्रमांचा नेमच झाला होता. २००८ मध्ये बंगाली दूरचित्रवाणीवरील एका नृत्यस्पर्धेत परीक्षकांच्या कठोर शब्दांनंतर एका किशोरवयीन मुलीची वाचा गेल्याचे वृत्त देशभर गाजले आणि नियमनाची मागणी पुढे आली. मराठी पर्वात परीक्षकांची भाषा तुलनेने सौम्य होती. त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१०–११ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलांच्या सहभागासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. बालकामगारविषयक १९८६ च्या अधिनियमात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास सर्वत्र बंदी झाली. मात्र दृक्‌श्राव्य करमणुकीतील बालकलाकारांना शिक्षणात खंड न पडण्याच्या अटीवर सूट मिळाली. २०१७ च्या नियमांनुसार अशा मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही. आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. विठाबाईंच्या पिढीतील मुलांना यांपैकी एकही संरक्षण नव्हते.

पहिल्या पर्वानंतर मराठीत या स्पर्धा वाढल्या. कलर्स मराठीवरील ‘सूर नवा ध्यास नवा’ या कार्यक्रमाचे ‘छोटे सूरवीर’ हे पर्व २०१८ मध्ये सुरू झाले. स्टार प्रवाहवरील ‘मी होणार सुपरस्टार’नेही ‘छोटे उस्ताद’ या नावाने मुलांचे पर्व काढले. महाजालाच्या प्रसारानंतर लघुसंदेशाचे महत्त्व कमी झाले. गावातील मुलाचे गाणे आता वाहिनीच्या निवडचाचणीआधीच भ्रमणध्वनीवर सर्वत्र पोहोचू शकते.

पंचरत्नांपैकी पाचही जण गाण्याच्या क्षेत्रातच राहिले, ही बालस्पर्धांच्या बाबतीत विरळा गोष्ट होय. कार्तिकीने अभंग व लोकगीतांचे कार्यक्रम चालू ठेवले. आर्याने २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटात नायिकेची भूमिका केली. रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात (२०१९–२०) उपविजेता झाला. २०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’चे नवे पर्व सुरू झाले, तेव्हा हेच पाच जण परीक्षकांच्या आसनावर होते; त्यांतील मुग्धा जेमतेम एकविशीत होती.