उरलेली रिळे

मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या चित्रपटावरून दादासाहेब फाळके यांनी स्फूर्ती घेतली आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. भारतात मूकपट निघाले तेराशेच्या आसपास. आज उरले ते जेमतेम तीसेक, तेही पुष्कळसे अपुरे. नायट्रेटच्या त्या फिती चटकन पेट घेत. कित्येक तर त्यांतील चांदीसाठी वितळविल्या गेल्या. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी उरलेसुरले वेचून आणले. तरी २००३ च्या आगीत बऱ्याच फिती भस्मसात झाल्या. नंतरच्या अ‍ॅसिटेट फिती सहसा पेटत नाहीत, पण दमट उष्म्यात कुजतात व त्यांना शिरक्यासारखा वास येतो. पनवेलच्या खाडीकाठी राहणाऱ्या आपणांस हा दमटपणा नवा नाही. घरी लग्नाचे वा सणाचे जुने रीळ असल्यास ते तापणाऱ्या माळ्यावरून खाली आणून कोरड्या, थंड जागी ठेवू या.