नीरेकाठचा धर्मादाय

इंदापूर परगण्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात परंपरेने मालोजीराजांच्या अखेरच्या लढाईशी जोडलेले असले, तरी महसुलाच्या इतिहासात ते निराळ्याच कारणाने अजरामर झाले आहे. मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीची व धाराबंदीची जी पद्धती पुढे साऱ्या दख्खनभर रूढ झाली, तिचा पहिला प्रयोग गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1835 साली याच तालुक्यात केला. कारण त्यापूर्वी प्रिंगलसाहेबाने पुस्तकी हिशोबाने बसविलेला धारा इतका असह्य झाला होता की, रयत गावे ओस टाकून शेजारच्या मुलखात परागंदा होऊ लागली होती. नव्या जमाबंदीने तीस वर्षांची शाश्वती दिली आणि ती मुदत संपताच, 1867च्या सुमारास, धारा वाढविला. पुढील दशकात भाव कोसळले, सावकारांची खाती फुगली, 1875च्या मे महिन्यात शेजारच्या सुप्याच्या बाजारात दस्तऐवजांच्या होळ्या पेटल्या, आणि त्यापाठोपाठ 1876-77चा दुष्काळ आला. सरकारने जमिनीची प्रत, मातीची खोली व बाजारपेठेचे अंतर या साऱ्यांची नोंद बारकाईने ठेवली होती. पाऊस मात्र त्या नोंदवहीत शिरण्यास तयार नव्हता.

या तालुक्यात परोपकाराचा पैसा बाहेरून येऊ लागला तो अशा अवर्षणाच्या वाटेने. आज हवामानबदलाच्या निवारणासाठी आणि स्वच्छ ऊर्जेच्या प्रसारासाठी देशोदेशीचे धनिक न्यास जो पैसा खर्च करतात, त्याला पुष्कळ लोक अगदी नवी गोष्ट समजतात. परंतु भीमा-नीरेच्या दुआबातील माणसाला त्यात फारसे नवल वाटू नये. 1877 साली लंडनच्या लॉर्ड मेयरने दक्षिण हिंदुस्थानातील दुष्काळपीडितांसाठी निधी उभारला, तेव्हाच दात्याचे शहर आणि भुकेल्याचे गाव यांच्यातील हे दूरचे नाते सुरू झाले होते. त्याच काळात गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांची पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाचे वृत्तांत गोळा करून सरकारदरबारी धाडीत होती. मदत वाटणे हे एक काम आणि मदतीची गरज का पडली हे लेखी मांडणे हे दुसरे. माझ्या मते या दुसऱ्या कामाची किंमत दात्यांना नेहमी उशिराच कळत आली आहे.

दुष्काळाने सरकारला मात्र एक गोष्ट करावयास लावली. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा पुरंदर व बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात आला आणि 1880च्या दशकापासून सुमारे 160 किलोमीटरच्या त्या प्रवाहाने या माळरानाचे भाग्य पालटू लागले. तो मुळात कोरडवाहू पिकांना दुष्काळात आधार म्हणून योजिलेला होता. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला कालव्याचे पाणी कोण घेणार? पाणीपट्टी वसूल व्हावयाची तर बारमाही पीक हवे, म्हणून ऊस आला. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर ब्लॉक पद्धती बसवून उसाच्या पाण्याला शिस्त लावली. 1930च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या उजाड रानात साखर कारखाना व त्याभोवती वालचंदनगर वसविले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकाराची धुराडी उभी राहिली. आणि 1980 साली उजनीचे धरण पुरे होऊन भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा काठावर उरलेल्या रानांतही ऊसच पसरला. दुष्काळाने कालवा दिला, कालव्याने ऊस दिला आणि उसाने पाचट दिले. या पाचटाकडे पुढे यावयाचे आहे.

कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेल्या जिराईत गावांची कथा वेगळी. बारामती तालुक्याच्या त्या भागात 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जे पाझर तलाव झाले, त्यांच्यामागे सरकारी तगाईइतकाच ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेकडून आलेल्या गव्हाचा व तेलाचा हात होता. बारामतीला ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशन फार पूर्वीपासून होते, त्यामुळे परदेशी चर्चेसचा पैसा हा येथे अनोळखी पाहुणा नव्हता. धान्य फुकट वाटण्याऐवजी ते मातीकामाची मजुरी म्हणून द्यावे आणि बांधाच्या रूपाने गावाकडे काही कायमचे राहावे, ही त्यातील कल्पना. तरुण आमदार शरद पवार व त्यांचे बंधू आप्पासाहेब यांनी ती उचलून धरली, आणि 1971 साली बारामतीला कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन झाले. पुढच्याच वर्षी 1972चा दुष्काळ आला. सुकडी खाऊन दगड फोडणाऱ्या त्या पिढीने ‘हवामानबदल’ हा शब्द ऐकला नव्हता. परंतु ज्याला आज त्या बदलाशी जुळवून घेणे म्हणतात, ते काम तिने टिकाव-फावड्याने केले. दात्याने पोटापुरते दिले आणि तलाव मात्र गावाचा झाला, असा सौदा धर्मादायाच्या इतिहासात विरळाच.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि फलटण येते. नदीच्या दोन्ही काठांची माती, ऊस आणि बोली एकच. मामलेदार तेवढे निराळे. या फलटणात बी. व्ही. निंबकर यांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. करडई, मेंढ्या, गोड ज्वारी असे त्यांचे विषय दरबारी संशोधनाच्या मानाने अगदी उपेक्षित. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले व फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले अनिल राजवंशी 1981 साली अमेरिका सोडून तेथे आले, आणि त्या आडगावी ऊर्जेचे संशोधन सुरू झाले: गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क करून तो सौर उष्णतेने ऊर्ध्वपातित करणे, उसाच्या पाल्यावर चालणारी वायुभट्टी, नूरी नावाचा कंदील, विजेवर चालणारी सायकलरिक्षा. 1995 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त राजवंशींनी एक निबंध लिहिला आणि फलटण तालुक्याचा दाखला घेऊन असे मांडले की, शेतातील टाकाऊ पालापाचोळा व इंधनाची लागवड यांच्या बळावर एखादा तालुका आपल्या विजेची व इंधनाची गरज स्वतःच भागवू शकेल. जमाबंदीचे एकक, म्हणजे तालुका, हेच ऊर्जेचेही एकक धरावे, ही कल्पना मला त्या निबंधातील सर्वांत मोलाची वाटते. कारण ज्या हद्दीत मामलेदार धाऱ्याचा हिशोब देतो, त्या हद्दीत जळणाचाही हिशोब मागता येतो.

आता पाचट. ऊस तोडताना वाढे जनावरांसाठी बाजूला काढतात आणि कांडे कारखान्याला जाते. उरतो तो वाळलेला पाला, हेक्टरी अदमासे दहा टन. तो जनावर खात नाही, सरीत पडला तर खोडव्याचे पाणी अडवितो, आणि त्याच्या आडोशाने उंदरांचा उपद्रव वाढतो अशी शेतकऱ्याची समजूत. तोडकरी टोळी फड सोडून पुढच्या गावी गेली की शेताच्या कडेला काडी लावावयाची. अर्ध्या घटकेत रान काळे होते आणि मोकळेही होते. हिवाळ्यातील संध्याकाळी बारामती-इंदापूर रस्त्याने जाणाऱ्यास ज्या ज्वाळा दिसतात, त्या याच.

या ज्वाळांकडे डॉ. आनंद कर्वे यांनी जळणाच्या दृष्टीने पाहिले. इरावती कर्व्यांचे हे चिरंजीव आणि महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे नातू. वनस्पतिशास्त्रज्ञ, फलटणला निंबकरांकडे काम केलेले. आजोबांनी भाऊबीज फंडापासून विठ्ठलदास ठाकरसींच्या 15 लाखांपर्यंत दान गोळा करून स्त्रियांचे विद्यापीठ उभारले. लोकांकडून पैसा मागून सार्वजनिक काम चालविण्याची विद्या या घराण्यात काही नवी नव्हती. 1996 साली आनंद कर्व्यांनी सहकाऱ्यांसह समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाची जी संस्था स्थापन केली, ती ‘आरती’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. पाचट पिंपांत दाबून भरावयाचे, ती पिंपे भट्टीत ठेवून खाली पाचटाचाच जाळ करावयाचा, आतून निघणारा वायू त्या जाळात पेटवून द्यावयाचा म्हणजे धूर वाया जात नाही, आणि मग पिंपात उरलेल्या कोळशाच्या भुग्यात चिकट द्रव्य कालवून कांड्या पाडावयाच्या, अशी ती रीत. भट्टी शेतावर नेता येते हे तिचे खरे मर्म, कारण पाचट इतके फुलके असते की ते वाहून नेण्याचा खर्चच त्याच्या किमतीहून अधिक होतो. त्या कोळशावर ‘सराई’ नावाच्या वाफेच्या कुकरात शे-दीडशे ग्रॅम कांड्यांत पाचेक माणसांचा स्वयंपाक होतो. या कामास 2002 साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला आणि 2006 साली, स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस संयंत्रासाठी, तो दुसऱ्यांदा मिळाला.

ॲश्डेन पुरस्कारामागे सेन्सबरी या इंग्लंडातील वाणसामानाच्या दुकानदार घराण्याचा न्यास आहे. मधल्या काळात धूरविरहित चुलींचा व सुधारित इंधनांचा व्यापारी प्रसार व्हावा म्हणून आरतीला साहाय्य मिळाले ते शेल फाउंडेशनकडून. म्हणजे ज्या तेल कंपनीच्या व्यवसायाने वातावरणात कर्ब ओतला, तिनेच 2000 साली काढलेल्या न्यासाकडून. यावर कोणी नाक मुरडावे, कोणी दाद द्यावी. मला दोन्ही अपुरे वाटते. दान हे अनेकदा व्यापाराच्या उष्ट्यावरच वाढत आले आहे. तेलाच्या राशीवर बसलेल्या रॉकफेलर घराण्याच्या एका निधीनेही 2014 साली खनिज इंधनांतील आपली गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर केले. दात्याचे चित्त शुद्ध आहे की नाही हे तपासणे चित्रगुप्तावर सोपवावे. फडाच्या बांधावर उभे राहणाऱ्याने त्या पैशातून नेमके कोणते काम झाले आणि कोणते राहिले, एवढे पाहावे.

काय राहिले, ते दिसतेच आहे. पुरस्कार मिळाले, भट्ट्या बनल्या, प्रशिक्षणे झाली. आणि नीरेकाठचे पाचट पुष्कळसे जळतच राहिले. याचे कारण यंत्रात नव्हते. फड रिकामा झाल्यापासून खोडव्याला पहिले पाणी देईपर्यंत जे मोजके दिवस मिळतात, त्यांत पाला गोळा कोणी करावयाचा? तोडकऱ्याला मुकादमाकडून उचल मिळालेली असते ती ऊस तोडण्याची, शेतकऱ्याजवळ मजूर नसतात, आणि कारखान्याची जबाबदारी वजनकाट्यावर संपते. त्यातच अनुदानाचा गॅस सिलिंडर गावोगाव पोचला, तेव्हा कोळशाच्या कांडीला गिऱ्हाईक कोठून मिळावे? शिवाय खुद्द शेतीतज्ज्ञांतही मतभेद: पाचट जाळू नये हे सर्वांना मान्य, परंतु ते शेताबाहेर नेऊन इंधन करावे की सरीतच कुट्टी करून कुजवावे, यावर एकमत नाही, आणि मातीतील सेंद्रिय कर्ब घटलेल्या या क्षारपड होत चाललेल्या रानांत दुसरा पक्ष मला अधिक सबळ वाटतो. धर्मादायाने यंत्रासाठी पैसा दिला, प्रसारासाठी दिला, समारंभासाठी दिला. त्या मधल्या मोजक्या दिवसांच्या मजुरीसाठी मात्र कोणी दिला नाही. पाझर तलावांच्या वेळी मजुरी हेच दान होते. तीस वर्षांत दान अधिक विद्वान झाले आणि मजुरीचे कलम अंदाजपत्रकातून गळाले.

दरम्यान दात्यांची जातही बदलली. अमेरिकेत 1991 साली एनर्जी फाउंडेशन आणि 2008 साली क्लायमेटवर्क्स अशा, अनेक धनाढ्य न्यासांचा पैसा एकत्र करून मोहिमा चालविणाऱ्या संस्था निघाल्या. 2009 साली दिल्लीत शक्ती फाउंडेशन आले. यांचा रोख चुलीवर किंवा भट्टीवर नसून कायद्यावर, वीजदरावर व धोरणावर असतो. पुण्यातील ‘प्रयास’ ही संस्था त्या आधीपासून, एन्रॉनच्या वीजखरेदी करारातील आकडे उलगडून दाखविण्यापासून, हेच काम करीत आली होती; गिरीश संत व शंतनु दीक्षित यांनी बांधलेला तिचा ऊर्जा गट वीज आयोगापुढील सुनावण्यांत एखाद्या जुन्या वकिलाच्या चिकाटीने उभा राहिला. संतांचे 2012 साली अकाली निधन झाले. शेतीच्या फीडरलाच सौर प्रकल्प जोडावा म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल आणि सरकारचे अनुदानही वाचेल, ही कल्पना प्रयासने सातत्याने मांडली. 2017 साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि तिचा आरंभ राळेगण सिद्धीला झाला. मध्यरात्री मोटार सुरू करण्यासाठी उसात शिरणाऱ्या, साप-विंचवाच्या भीतीने हातात काठी घेऊन सरी बदलणाऱ्या इंदापूरच्या शेतकऱ्याला या योजनेचे महत्त्व कर्बाच्या टनांत सांगावे लागत नाही.

सार्वजनिक सभेच्या वृत्तांतांचा वारसा मला प्रयासच्या या कामात दिसतो. अशा कामाला सरकारी चौकटही जाचक ठरली आहे. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्ताकडे हिशोब द्यावा लागतो, ते ठीकच. परंतु परकीय अंशदानाचा 1976चा कायदा 2010 साली नव्याने आला आणि 2020च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे वळविण्यास मनाई करून, कारभाराच्या खर्चाला शेकडा वीसची मर्यादा घातली. मोठ्या नगरातील संस्थेने परदेशी न्यासाकडून पैसा घ्यावा आणि तालुक्याच्या गावातील लहान संस्थेस द्यावा, ही जी वाट होती, ती या दुरुस्तीने बुजली. देशी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा 2013च्या कायद्याने सुटला खरा, पण तो बहुधा कारखान्याच्या आसपास, फलक लागेल अशा ठिकाणी रमतो. वीज आयोगापुढे वर्षानुवर्षे आकडे मांडणाऱ्याच्या पगाराला तो फारसा येत नाही.

बारामतीच्या त्याच कृषी विकास प्रतिष्ठानात अलीकडे मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसाच्या शेतात संवेदक रोवून, उपग्रहाची चित्रे पाहून पाणी व खत किती द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठविला जातो. तेथील प्रयोगाच्या फडांत उसाला कमी पाणी लागते असे प्रतिष्ठानाचे म्हणणे आहे. वाचलेले पाणी कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या गावांपर्यंत सोडावयाचे की वरच्या अंगालाच आणखी एकरभर ऊस लावावयाचा, याचा निर्णय मात्र कोणत्याही संवेदकाच्या हाती नाही. तो अजूनही पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाच्या तक्त्यावर आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतच होतो.