चिखलातला विजय

कोलकात्याचं मैदान ही सैन्याची जागा. तिथं पक्क्या बांधकामाला मनाई, म्हणून जुन्या क्लबांच्या कार्यालयांना आजही ‘तंबू’ म्हणतात. मोहमेडन स्पोर्टिंगचं मैदान पाहायला मी गेलो, तेव्हा नुकताच पाऊस होऊन गेला होता. पायाखाली चिखल. या क्लबचा इतिहास त्या चिखलातच घडला.

स्थापना १८९१ची. त्या काळी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. पावसात ते घसरत आणि बूटवाल्या गोऱ्या पलटणी जिंकत. मोहमेडननं ओल्या मैदानासाठी आपल्या खेळाडूंना बूट दिले. १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला आणि १९३८पर्यंत सलग पाच वर्षं जिंकत राहिला. १९४०मध्ये ड्युरँड कप आणि मुंबईचा रोव्हर्स कपही त्यानं नेला.

त्या विजयानं मुसलमान मोहल्ले आनंदले, हे खरं. पण हरले ते राज्यकर्ते, हेही तितकंच खरं. माझं नाव ऐकून “मराठी इतकं चांगलं कसं येतं?” असं कुणी विचारलं, की मला हा क्लब आठवतो.

एस्प्लनेड मेट्रो स्थानकावरून मैदानात चालत जाता येतं. मोठे सामने बहुधा दुसरीकडे होतात, म्हणून आधी चौकशी करा. आणि जमलं तर पावसाळ्यातच जा.