हिंदू संघ आणि पालवणकर बंधू
मुंबईत १९०६ साली हिंदू क्रिकेट संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, आणि त्या विजयाचे मोठे श्रेय पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्यासाठी तुटपुंज्या मुशाहिऱ्यावर राबलेल्या, चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळू पालवणकरांकडे जाते. त्यांची गोलंदाजी संघास हवी होती, परंतु चहा मात्र त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या पात्रात मिळे. हे वाचताना मन आजही विदीर्ण होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली त्याच हिंदू संघाचे कर्णधार झाले. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झालेले उमेदवारही हेच बाळू.