बक्षिसी आणि मजुरी

हॉटेलात वेटरसाठी सुटे पैसे ठेवताना मला बलुते आठवते. काम बांधलेले, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. अमेरिकेतही हेच घडले. यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमनच्या कंपनीने गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना रेल्वेच्या शयनयानांत सेवक नेमले. पगार तुटपुंजा, पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर. प्रवासी प्रत्येकाला ‘जॉर्ज’च म्हणत, मालकाच्या नावाने. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना बांधली. १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला. तरीही बक्षिसीवर जगणाऱ्यांसाठी मालकाने द्यायचे संघीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. म्हणून बक्षिसी जरूर द्या, माणसाला नावाने हाक मारा. पण ती मजुरी समजू नका. मजुरी हा हक्क आहे, आणि तो संघटनेनेच मिळतो.