पुसदच्या हिवाळ्यातील स्वेटर : एका परक्या वस्त्राचा इतिहास

१/ डिसेंबरातील पहाट. पुसदचे बसस्थानक. चहाच्या टपरीजवळ बसलेल्या आजोबांच्या डोक्यावर माकडटोपी आहे. एसटीच्या वाहकाने खाकी सदऱ्यावर समोरून बटणांचा स्वेटर चढवला आहे. कॉलेजला निघालेल्या मुलाच्या स्वेटरला खांद्यावर शिवणच नाही. तिची बाही काखेतून तिरपी थेट गळ्यापर्यंत गेली आहे. या तिघांना एकमेकांशी बांधणारी एक गोष्ट आहे, आणि ती त्या तिघांनाही बहुधा ठाऊक नाही. त्यांच्या अंगावरील तिन्ही वस्तूंची मूळ इंग्रजी नावे एकाच युद्धाशी जोडलेली आहेत.

२/ ते युद्ध क्रिमियाचे, १८५३ ते १८५६. एका बाजूस रशिया, दुसऱ्या बाजूस तुर्कस्तान, ब्रिटन आणि फ्रान्स. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा या गावाजवळ एका संदिग्ध आज्ञेमुळे सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांच्या थेट समोर धावून गेले. त्यांचा नायक होता जेम्स ब्रुडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. तो स्वतः जिवंत परतला. समोरून उघडणाऱ्या लोकरी बंडीला पुढे त्याच्या पदवीचे नाव मिळाले. आपल्या वाहकाच्या अंगात आहे तो हाच ‘कार्डिगन’.

३/ ती संदिग्ध आज्ञा ज्याच्याकडून निघाली, तो सरसेनापती लॉर्ड रॅग्लन. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर त्याचा उजवा हात गेला होता. खांद्यावर शिवण नसलेली, गळ्यापासून सुरू होणारी सैलसर बाही त्याच्या नावाने ओळखली जाते. तुटक्या हाताला सोयीची म्हणून ती त्याच्यासाठी बेतली गेली, अशी कथा सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी बाहीचा गुण खरा आहे. आत जाड सदरा असला तरी ती खांद्यावर आवळत नाही.

४/ आणि माकडटोपी? १८५४-५५ च्या हिवाळ्यात क्रिमियात ब्रिटिश सैनिकांचे अपुऱ्या कपड्यांमुळे अतोनात हाल झाले आणि मायदेशातून विणलेल्या लोकरी वस्तू पाठवल्या गेल्या. डोके, कान आणि मान एकदम झाकणाऱ्या टोपीला काही दशकांनी त्या गावाचेच नाव पडले: बालाक्लावा. मराठीने मात्र ते नाव साफ नाकारले आणि आपले ठेवले. दोन्ही नावे समोरासमोर ठेवली, तर मराठी नाव अधिक नेमके आहे, असे मला वाटते.

५/ ‘स्वेटर’ हा शब्दही मुळात थंडीचा नव्हे. इंग्रजीत त्याचा अर्थ घाम आणणारा. एकोणिसाव्या शतकात वजन उतरवण्यासाठी, मुद्दाम घाम यावा म्हणून अंगात घालायचे ते वस्त्र. नंतर तो नावा वल्हवणाऱ्या खेळाडूंच्या जाड लोकरी बनियनचा झाला आणि तेथून सर्वांचा. पुसदच्या एप्रिलमध्ये कोणी तो घातला, तर शब्दाचा मूळ अर्थ क्षणार्धात ध्यानी येईल.

६/ या वस्त्राची दोन जुनी घराणी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रात आहेत: जर्सी आणि गर्नसी ही बेटे. आपल्याकडे ‘जर्सी’ म्हटले की प्रथम गाय डोळ्यांसमोर येते. ती गायही त्याच बेटाची. गर्नसीच्या कोळ्यांचा स्वेटर घट्ट विणीचा, गडद निळा, आणि पुढून-मागून अगदी सारखा. अंधारात कसाही चढवला तरी सुलटाच. कोपरे झिजली की उलटा फिरवून घालायचा, म्हणजे झीज दुसऱ्या बाजूस वाटली जाते.

७/ आता घरातला एक शब्द घ्या: गंजीफ्रॉक. आजोबांच्या तोंडी असलेला हा शब्द म्हणजे ‘गर्नसी फ्रॉक’, खलाशांचा विणलेला सदरा. त्याची वीण आपण ठेवली, लोकर सोडून दिली आणि सुती धाग्याचे, सदऱ्याच्या आत घालायचे वस्त्र केले. म्हणजे स्वेटर पुसदच्या अंगावर चढण्याच्या कितीतरी आधी त्याचा चुलत भाऊ सदऱ्याखाली येऊन बसला होता, तोही उन्हाळ्यात.

८/ येथे मराठीची एक अडचण सांगायला हवी. मागावर कापड होते तेही आपण ‘विणणे’ म्हणतो आणि दोन सुयांवर स्वेटर होतो तेही ‘विणणे’च. पण या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांना छेदतात. कापड ताणले जात नाही, म्हणून ते कापून, शिवून अंगाला बसवावे लागते. सुयांवर एकच धागा फाशामागून फासा घेत जातो. एक सुलट, एक उलट. त्या फाशांत ढील असते. म्हणूनच स्वेटर डोक्यावरून ओढून घालता येतो आणि पुन्हा अंगासरसा बसतो. कमरेशी आणि मनगटाशी जी उभ्या रेघांची पट्टी असते, तिचे सारे काम या ढिलाईवर चालते.

९/ महाराष्ट्राला लोकर नवी नव्हती. नवे होते ते हे फासे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर राठ आणि आखूड. ती हाताने कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मागावर घोंगडी विणायची. घोंगडीला गळा नाही, बाही नाही, बटण नाही. तरीही तिला ‘घालण्याची’ एक पद्धत होती. एक कोपरा आत दुमडून खोळ करायची, ती डोक्यावर घ्यायची आणि उरलेले पाठीवर सोडायचे. पावसात छत्री, रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण. एका वस्त्राने इतकी कामे केल्यावर स्वतंत्र ‘हिवाळी कपडा’ कोणाला हवा होता?

१०/ त्यातून पुसद हा वऱ्हाडचा, म्हणजे कापसाचा मुलूख. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. (त्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले, दोहोंचा संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला सोपे.) पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळला जोडला गेला. येथील थंडीचा परंपरागत उपाय म्हणजे गोधडी आणि शेकोटी. दोन्ही बसल्या जागी वापरायच्या. थंडीत चालते-फिरते काम करायचे तर स्वेटरसारखे काही हवे होते, आणि तशी गरज पडली ती शाळा, कचेरी आणि मोटारगाडी यांची वेळ पाळावी लागल्यावर.

११/ इंग्रजी राजवटीत शाळा, पलटणी आणि क्रिकेट यांच्याबरोबर स्वेटर आला. इंग्रजी व्ही आकाराच्या गळ्याचा स्वेटर टाय आणि कॉलर दिसावी म्हणून; आजही शाळेच्या गणवेशात तोच. युवराज एडवर्ड १९२२ च्या सुमारास स्कॉटलंडजवळील फेअर आयल बेटाचा रंगीबेरंगी नक्षीचा स्वेटर घालून गोल्फ खेळू लागला आणि तो पोशाख जगभर गाजला. हाच युवराज १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला, तेव्हा त्याच दिवशी त्या शहरात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली होती. फॅशनच्या इतिहासात पहिली गोष्ट असते, आपल्या पाठ्यपुस्तकात दुसरी. माणूस एकच.

१२/ इतके प्रकार आले, पण पुसदला सारे टिकले नाहीत. निवड कोणी केली? उन्हाने. येथे पहाट कडाक्याची असते आणि दहा वाजता अंगावर ऊन चढते. मान झाकणारा उंच गळ्याचा स्वेटर डोक्यावरून काढायचा, म्हणजे केस विस्कटायचे, सदरा वर यायचा, आणि तेही भर कचेरीत. म्हणून तो येथे फारसा रुजला नाही. रुजले ते दोन: समोरून उघडणारा कार्डिगन आणि बिनबाह्यांचा हाफ स्वेटर. पहिला ऊन चढेल तसा एकेक बटण सोडून सैल करता येतो. दुसरा काढावाच लागत नाही. छाती ऊबदार, हात मोकळे.

१३/ घालण्याचे काही नियमही आपसूक ठरले. व्ही गळ्याच्या स्वेटरमध्ये कॉलरची टोके आत, गोल गळ्याच्या स्वेटरवर कॉलर बाहेर. कार्डिगनचे शेवटचे बटण मोकळे, नाहीतर बसताना पोटाशी घडी पडते. साडीवर मात्र कार्डिगनला पर्यायच नव्हता; बंद गळ्याचा स्वेटर पदर चुरगाळतो. त्यातही दोन पंथ दिसतात. जुन्या बायका स्वेटर आत घालून पदर त्यावरून घेतात, म्हणजे डोक्यावर पदर घेता येतो. नंतरच्या पिढीने पदर आत ठेवून वरून स्वेटर घातला आणि बटणे उघडी ठेवली, म्हणजे काठ दिसतात. वस्त्र एकच, पण पदर कोठे आहे यावरून पिढी ओळखावी.

१४/ स्वेटर मराठी घरांत भावनेने शिरला तो १९६२ च्या हिवाळ्यात. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. नामका चू नदीच्या खोऱ्यात सातव्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात उभे होते. त्यांचे सेनानी ब्रिगेडियर जॉन दळवी युद्धकैदी झाले; १९६९ साली आलेल्या ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात त्यांनी या दुरवस्थेचा हिशेब मांडला. १८५४ चे क्रिमिया आणि १९६२ चा हिमालय यांत एकशे आठ वर्षांचे अंतर आहे. चूक तीच: सैन्य थंडीत आणि कपडे मागे.

१५/ मग देशभर सुया चालू लागल्या. राष्ट्रीय संरक्षण निधीला बायकांनी दागिने दिले, आणि घरोघरी, शाळांत, महिला मंडळांत जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणले गेले. आपण विणलेला स्वेटर कोणाच्या अंगात जाईल हे विणणारीला माहीत नसे. मापही अंदाजाचेच. त्या हिवाळ्यात ज्या मुली विणकाम शिकल्या, त्यांनीच पुढची तीस वर्षे आपल्या मुलांचे स्वेटर विणले, उसवले आणि पुढच्या मुलासाठी पुन्हा विणले.

१६/ त्याच युद्धाचा एक धागा पुसदपर्यंत येतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. पुसदजवळील गहुलीचे सुपुत्र. ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर होते. हा काळ ध्यानात ठेवा, कारण आता या कथेत तिबेट येतो.

१७/ मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांचा पोशाख ‘चुबा’: मागावरच्या जाड कापडाचा, लांब, कमरेला बांधलेला. तिबेटच्या पठारावरही पहाट गोठवणारी आणि ऊन प्रखर. म्हणून दुपारी चुब्याची एक बाही काढून मोकळी सोडायची रीत आहे. आपला बटणे सोडलेला कार्डिगन आणि त्यांची सोडलेली बाही, दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत.

१८/ निर्वासितांच्या वसाहती देशभर वसवल्या गेल्या. महाराष्ट्रात १९७२ साली नोर्ग्येलिंग ही वसाहत स्थापन झाली, तेव्हाच्या भंडारा आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईकच होते. हिमालयाच्या पलीकडची माणसे धानाच्या, दमट उष्ण प्रदेशात शेती करू लागली. शेती एकटी पुरेना. म्हणून देशभरच्या तिबेटी वसाहतींप्रमाणे हिवाळ्यात स्वेटर विकायचे: ऑक्टोबरात निघायचे, जानेवारीअखेर परतायचे.

१९/ विदर्भातील शहरांत रस्त्याकडेला ताडपत्रीखाली मांडलेली ही दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. पुष्कळांच्या घरी त्यांना ‘नेपाळी स्वेटरवाले’ म्हणत. कदाचित अजूनही म्हणत असतील. ते नेपाळी नव्हेत. देश गमावलेल्या माणसाला दुसऱ्याच देशाचे नाव देणे ही लहानशी चूक वाटते, पण ज्याच्याजवळ आपल्या देशाच्या नावाखेरीज फारसे काही उरलेले नाही, त्याच्या दृष्टीने ती लहान नाही. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तरी ती करू नये.

२०/ व्यवहाराची रीत पाहण्यासारखी आहे. आरंभी काही स्वेटर हाताने विणलेले असत. पुढे माल लुधियानाचा, यंत्रावरचा. तेथील व्यापारी तो बहुतेक उधारीवर देतात आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता होतो. विश्वास टिकला म्हणून धंदा टिकला. थंडी पडलीच नाही, तर ऊन आपल्याला सुखाचे वाटते आणि ताडपत्रीखालचे कर्ज मात्र तसेच राहते.

२१/ आणि लोकर? बहुतेक स्वेटरांत ती नसतेच. अमेरिकेत १९५० साली अ‍ॅक्रिलिक धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे ‘कॅशमिलॉन’ या नावाने तो घराघरांत पोहोचला. कसर लागत नाही, घरी धुता येतो, रंग भडक राहतात. मेंढीशी काहीही संबंध नसलेल्या या धाग्याला बाजारात आजही ‘लोकर’च म्हणतात, आणि कसर लागत नसतानाही आपण त्यात डांबराच्या गोळ्या ठेवतोच.

२२/ संक्रांत उलटली की पुसदला दुपारी सावली शोधावी लागते. स्वेटर धुऊन, उन्हात आडवे वाळवून (दोरीवर टांगले की ओल्या विणीचे वजन खाली येते आणि बाह्या लांबतात) पेटीत जातात. त्याच सुमारास तिबेटी विक्रेते उरलेल्या मालाचे गठ्ठे बांधून वसाहतीकडे परततात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांचे नवे वर्ष येते, लोसार. त्या दिवशी ते चुबा घालतात.